टायटॅनियमला विचारायचा प्रश्न : किती वेगाने?

नाशिकजवळच्या देवळालीत ९ नोव्हेंबर २०१८ रोजी तेव्हाच्या संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांच्या उपस्थितीत लष्कराच्या तोफखान्यात दोन नव्या तोफा दाखल झाल्या. एक के-९ वज्र, रणगाड्यासारखी पट्ट्यांवर चालणारी, अवजड. दुसरी एम-७७७. ही अंगाने सडपातळ, वजन चार टनांच्या थोडेसे वर. तिच्याच १५५ मिलिमीटर जातीची आधीची अमेरिकी तोफ एम-१९८ सात टनांच्या पुढे जाते. एम-७७७ चिनूक हेलिकॉप्टरखाली लटकवून लडाखच्या डोंगरावर नेता येते, तेवढ्यासाठीच भारताने २०१६ मध्ये अशा १४५ तोफांचा करार केला. एवढे वजन उतरले ते प्रामुख्याने टायटॅनियममुळे. नळी पोलादाचीच आहे; पण तिला धरणारा पाळणा, मागे पसरणाऱ्या शेपट्या आणि जमिनीत रुतणारे फाळ यांत टायटॅनियमचा मिश्रधातू सढळ हाताने वापरला आहे.

देवळाली, भगूर आणि आसपासच्या गावांना तोफांचा आवाज नवा नाही. त्या आवाजामागचा हिशेब मात्र एकदा करून पाहण्यासारखा आहे. साधारण ४३ किलोचा गोळा या तोफेतून सेकंदाला ८२७ मीटरपर्यंतच्या वेगाने बाहेर पडतो. तोफ चाकांवर मोकळी सोडली, तर एकट्या गोळ्याच्या प्रतिक्रियेने ती ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने मागे धावू लागेल. हा सगळा धक्का आधी रिकॉइल यंत्रणा अंगावर घेते. तेल आणि वायूचे सिलिंडर त्याला क्षणभर लांबवतात, त्याची धार बोथट करतात, आणि मग तो सांगाड्यापर्यंत पोहोचतो. म्हणून टायटॅनियम तो पुन्हा पुन्हा सोसते. पण शत्रूच्या गोळ्याचा तुकडा सेकंदाला हजार मीटरच्या वेगाने त्याच सांगाड्यावर येऊन आदळला, तर मध्ये धार बोथट करणारे काहीच नसते. तेव्हा टायटॅनियम निराळ्याच तऱ्हेने वागते, आणि निराळ्याच तऱ्हेने तुटते.

हे निराळे तुटणे नाशिकने समजून घ्यायला हवे. कारण या धातूशी नाशिकइतका रोजचा संबंध असलेली शहरे देशात थोडीच आहेत.

संबंध जुना आहे. चिनी आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, १९६३ मध्ये नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेले, आणि १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. मिग-२१, मिग-२७, मग सुखोई-३०. सुखोईच्या मागच्या भागात, दोन्ही इंजिनांच्या भोवती, जिथे ॲल्युमिनियम उष्णतेपुढे टिकत नाही तिथे टायटॅनियम आहे. आता १७ ऑक्टोबर २०२५ पासून त्याच ओझरमध्ये तेजस एमके-१ए ची तिसरी उत्पादन साखळी सुरू झाली आहे. शेजारी हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे. तिथे विमाने उघडली जातात, सुटे भाग तपासले जातात, कोणता पुन्हा बसवायचा आणि कोणता बाद करायचा हे ठरते. टायटॅनियम नाशिकमध्ये घडते, उडते, तोफेचा धक्का सोसते आणि दुरुस्तही होते.

आणि ओझर ज्या निफाड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचे हे पाणथळ २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. हिवाळ्यात तिथे चक्रवाक, थापट्या आणि हजारो पाहुणी बदके उतरतात. त्यांचे येणे हा जिल्ह्याचा अभिमान आहे आणि तो तसाच राहावा. विमान घडवणाऱ्याला मात्र पक्षी हा शब्द निराळा ऐकू येतो. एक किलोचे बदक आणि विमान सेकंदाला २५० मीटरच्या सापेक्ष वेगाने भेटले, तर त्या भेटीत एकतीस हजार जूल ऊर्जा मोकळी होते. एक टनाची वस्तू तीन मीटरवरून खाली टाकावी एवढी. फरक इतकाच की ती हाताच्या पंज्याएवढ्या जागेत आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात उतरते. त्या वेगाला पक्ष्याचे मांस घन उरत नाही, पाण्यासारखे वाहते, आणि तरीही पाते वाकवते. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कवर कॅनडा गूज पक्ष्यांच्या थव्याने एका एअरबसची दोन्ही इंजिने निकामी केली. त्या इंजिनांची पुढची पाती टायटॅनियमची होती. वैमानिकाने विमान हडसन नदीवर उतरवले आणि १५५ माणसे वाचली. पात्यांनी काय सोसले आणि कुठे हार मानली, याची तपासणी नंतर एकेका पात्यावर झाली.

टायटॅनियम एरवी एवढे भरवशाचे, मग धक्क्याखाली त्याचे काय होते?

उत्तराची सुरुवात जुन्या नाशकातल्या तांबटांच्या ओट्यावर होते. तांब्याचा हंडा मठारताना ठोका पडला की धातू थोडा सरकतो, थोडा कठीण होतो आणि थोडा तापतो. ही ऊब हाताला जाणवते न जाणवते तोच पसरून जाते, कारण तांबे उष्णता वाहून नेण्यात पटाईत आहे. ठोक्यांमागे ठोके पडून पत्रा कडक झाला की तांबट तो भट्टीत धरतो, नरम करतो आणि पुन्हा ठोकायला घेतो. धातूला वाकवताना खर्च होणाऱ्या कष्टांपैकी बहुतेक भाग, सुमारे नव्वद टक्के, उष्णतेत बदलतो. इंग्लंडमध्ये टेलर आणि क्विनी यांनी ही गोष्ट १९३४ मध्ये मोजून दाखवली. तांबटांना ती मोजमापाविना ठाऊक होती.

टायटॅनियमची अडचण इथेच आहे. विमानात सर्वाधिक वापरला जाणारा त्याचा मिश्रधातू, म्हणजे सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम घातलेला ‘सिक्स-फोर’, उष्णता वाहून नेण्यात फार मागे आहे. साधे पोलाद त्याच्या सात-आठ पट चांगले, तांबे जवळजवळ साठ पट. ओढ हळू असेल तर याने काही बिघडत नाही. ऊब पसरायला वेळ मिळतो. धक्का वेगाचा असेल तर वेळ मिळत नाही. जिथे धातू पहिल्यांदा सरकला तिथेच उष्णता कोंडते. तापलेला भाग नरम पडतो. नरम पडला म्हणून पुढचे सगळे सरकणे तिथेच होते. तिथेच झाले म्हणून तो आणखी तापतो. काही मायक्रोसेकंदांत हे चक्र इतके आवळते की सगळी विकृती एका पट्ट्यात गोळा होते, आणि तो पट्टा केसाच्याही जाडीपेक्षा अरुंद असू शकतो. धातुशास्त्रात याला ॲडिॲबॅटिक शिअर बँड म्हणतात. मराठीत सांगायचे तर कोंडलेल्या उष्णतेने पाडलेली कातर. पट्ट्याच्या आत सूक्ष्म पोकळ्या तयार होतात, एकमेकींना मिळतात आणि तुकडा वेगळा होतो. दोन्ही बाजूंचा धातू मात्र जवळजवळ जसाच्या तसा राहतो. सगळे मिळून सोसायचे ते एका रेषेने सोसले आणि ती रेषा तुटली. गोळी झाडलेल्या टायटॅनियमच्या पाटीतून म्हणूनच अनेकदा बाटलीच्या बुचासारखा गोल तुकडा निसटून मागे उडतो.

हे दृश्य पहिल्यांदा फ्रान्समध्ये दिसले. मीटरच्या प्रमाण पट्टीसाठी प्लॅटिनम-इरिडियमची सळई घडवताना हेन्री त्रेस्का यांना हातोड्याच्या ठोक्यासरशी धातूवर तेजाच्या रेषा उमटताना दिसल्या. त्याचे वर्णन त्यांनी १८७८ मध्ये केले. टायटॅनियमचे उद्योगात येणे तेव्हा सत्तर वर्षे दूर होते.

तुटण्याची दुसरी तऱ्हा आवाजाच्या स्वभावातून येते. टायटॅनियममध्ये दाबाची लाट सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते. बारा मिलिमीटर जाडीची पाटी ती दोन मायक्रोसेकंदांत पार करते; पापणी लवायला याच्या लाखभर पट वेळ लागतो. पलीकडे धातू संपतो, हवा सुरू होते. तिथे दाबाची लाट उलटते आणि परत येताना दाबाऐवजी ओढ घेऊन येते. या ओढीने पाटीचा मागचा थर आतून उकलतो आणि खपलीसारखा सुटून पुढे फेकला जातो. समोरून गोळी आत शिरलेली नसते, तरी मागे बसलेल्या माणसाला खपली लागते. अमेरिकेच्या ए-१० विमानात वैमानिकाभोवती सुमारे ५४० किलो टायटॅनियमची ढाल आहे. तिच्या आतल्या बाजूला नायलॉनचे थर लावले आहेत, ते याच खपलीला अडवण्यासाठी. ढाल पुरेशी मजबूत नाही म्हणून ते लावलेले नाहीत. मजबूत ढालही कशी उकलते हे आधी अभ्यासले गेले होते, म्हणून लावले आहेत.

टायटॅनियमचा हा स्वभाव नाशिकमध्ये कुणीतरी रोज डोळ्यांनी पाहतो. अंबड किंवा सातपूरच्या वर्कशॉपमध्ये ज्याने टायटॅनियमचा जॉब लेथवर लावला आहे, त्याला त्याची चिप ओळखता येते. माइल्ड स्टीलची चिप लांब, सुरळीत, गुंडाळत निघते. टायटॅनियमची चिप करवतीसारखी दातेरी असते. टूलसमोर धातू थोडा साचतो, तापतो, एका तिरक्या पट्ट्यावर कातरला जातो, निसटतो. पुन्हा साचतो, पुन्हा कातरला जातो. एकेक दाता म्हणजे एकेक शिअर बँड. गोळी लागलेल्या पाटीत एकदा घडते ते लेथवर सेकंदाला हजारो वेळा घडत असते. उष्णता चिपबरोबर निघून जात नाही, टूलच्या टोकाशी साचते, म्हणून इन्सर्ट लवकर जातो. म्हणून कटिंग स्पीड कमी ठेवायचा, कूलंट भरपूर सोडायचा. चिपचा ढीग पेटला तर पाणी ओतायचे नाही, कोरडी वाळू टाकायची. ऑपरेटर हे सगळे जाणतो. मात्र ही जाण शॉप फ्लोअरवरच राहते. पुढे कुणी तिची विचारपूस करत नाही.

ती विचारपूस का व्हायला हवी, हे ६ जुलै १९९६ रोजी फ्लोरिडातल्या पेन्साकोला विमानतळावर दिसले. एमडी-८८ जातीचे विमान उड्डाणासाठी धावपट्टीवर धावत असताना डाव्या इंजिनाच्या पुढच्या पंख्याचा हब फुटला. हब सिक्स-फोर टायटॅनियमचा होता. त्याचे तुकडे केबिनची भिंत फोडून आत घुसले आणि दोन प्रवासी, आई आणि मुलगा, जागीच गेले. तपासात मूळ कारण सापडले ते एका भोकात. काही वर्षांपूर्वी कारखान्यात हब बनवताना त्या भोकाचे ड्रिलिंग बिघडले होते. भोकाच्या भिंतीवर अतोनात उष्णता निर्माण झाली आणि धातूची घडण बदलून तो भाग कडक, ठिसूळ झाला. तिथून तडा सुरू झाला, हजारो उड्डाणांत हळूहळू वाढला, आणि देखभालीच्या तपासणीतही तो सुटला. ड्रिलच्या टोकाशी काही क्षण कोंडलेली उष्णता काही वर्षांनी दोन जीव घेऊन गेली. अंबडच्या मशीनवरचा ऑपरेटर आणि पेन्साकोलातला प्रवासी यांच्यात एवढेच अंतर आहे.

आणि तरीही आपल्याकडे धातूची ओळख बहुतेक वेळा एका आकड्यावर संपते. टेन्साइल टेस्टचा आकडा. सर्टिफिकेटवर नऊशे-साडेनऊशे मेगापास्कल असे लिहिलेले असले की माल चांगला. या चाचणीत नमुना इतका हळू ओढला जातो की तो तुटायला मिनिटे लागतात. अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी पुढे आयझॉड आणि चार्पीची लोलक चाचणी करतो. तो लोलक सेकंदाला पाचेक मीटरने येतो. तोफगोळ्याचा तुकडा याच्या दोनशे पट वेगाने येतो. अधिक फसवी बाब अशी की वेगाने मारल्यावर टायटॅनियम सुरुवातीला अधिक बळकट दिसते, त्याचा आकडा वाढतो. वाढलेला आकडा पाहून समाधान मानणाऱ्याला तुकडा कोणत्या रेषेवर सुटणार हे कळत नाही. ‘मजबूत आहे’ हे विधान ‘किती वेगाने’ या प्रश्नाशिवाय अपुरे आहे, आणि हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्या अभ्यासक्रमाने लावलेली नाही.

प्रश्न मात्र जुना आहे. १८७२ मध्ये इंग्लंडमधल्या जॉन हॉपकिन्सन यांनी लोखंडी तारेवर वजने टाकून पाहिली. तार तुटते की नाही हे वजनापेक्षा ते किती उंचीवरून, म्हणजे किती वेगाने आले यावर ठरते, असे त्यांना आढळले. त्यांचा मुलगा बर्ट्रम याने १९१४ मध्ये स्फोटाचा आणि गोळीचा दाब मोजायला एक लांब पोलादी सळई वापरली. १९४९ मध्ये कोल्स्की यांनी त्या सळईचे दोन भाग करून मध्ये धातूचा नमुना ठेवण्याची रीत घालून दिली. आजही जगभर धातूची धक्क्याखालची परीक्षा याच जोड-सळईवर होते. एका टोकाला हवेच्या दाबावर चालणारी नळी, तिच्यातून सुटणारा छोटा दंड, दोन सरळ घासलेल्या लांब सळया, त्यांच्यावर चिकटवलेले स्ट्रेन गेज आणि लाटा टिपणारा ऑसिलोस्कोप. सळया एका रेषेत बसवणे हे कौशल्याचे काम. ते जमणारे हात सातपूरमध्ये आहेत.

देशात हे ज्ञान आहे. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेत टायटॅनियमवर गोळ्यांचे प्रयोग झाले आहेत. चंडीगडला टर्मिनल बॅलिस्टिक्सची प्रयोगशाळा आहे, पुण्यात पाषाणला शस्त्रास्त्र संशोधन आहे, आयआयटी मुंबईत जोड-सळई आहे. हैदराबादच्याच प्रयोगशाळेने अडूर इंजिनासाठी टायटॅनियमच्या चकत्या देशातच घडवण्याचे तंत्र बसवले आणि २०२१ मध्ये ते जाहीर झाले. कच्चा माल तर घरचाच आहे: केरळात चवऱ्याला टायटॅनियमचा स्पंज बनतो, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही टायटॅनियमचे खनिज, इल्मेनाइट, आहे. वाळूपासून विमानापर्यंतची साखळी देशात जवळजवळ पूर्ण झाली आहे. तुटलेल्या तुकड्याचा अभ्यास जिथे विमान तयार होते तिथून शेकडो किलोमीटर दूर व्हावा, ही त्या साखळीतली उणीव आहे.

नाशिकला फक्त बांधायचे आहे, आराखडा बंगळुरूचा किंवा रशियाचा, मग इथे असले काही कशाला, असे म्हणणारे असतील. हा युक्तिवाद परवान्याने जोडणी करणाऱ्या कारखान्याच्या काळातला आहे. आज ओझरला विमाने उघडून तपासली जातात. पात्याच्या कडेला पक्ष्यामुळे किंवा धावपट्टीवरच्या खड्यामुळे खाच पडली, तर ती घासून गुळगुळीत करायची की पाते बदलायचे, याचे नियम पुस्तिकेत असतात हे खरे. पण ती खाच कशी पडली, तिच्या बुडाशी पट्टा तयार झाला आहे का, हे पाहायची तयार नजर जवळ असणे हा निराळाच आधार असतो. सप्टेंबर २०१७ मध्ये पॅरिसहून लॉस एंजेलिसला निघालेल्या एका ए-३८० विमानाच्या पंख्याचा टायटॅनियमचा हब ग्रीनलंडवर फुटला. त्याचा एक तुकडा शोधायला तपास करणारे जवळजवळ दोन वर्षांत पुन्हा पुन्हा बर्फाळ पठारावर गेले आणि शेवटी चार मीटर बर्फाखालून त्यांनी तो काढला. तिथे कारण धक्क्याचे नव्हते, धातूच्या घडणीतल्या दोषाचे होते, आणि ते कळले तुकडा हाती आला तेव्हाच. तुटलेल्या तुकड्यासाठी जग एवढे कष्ट घेते.

मागणी मोठी नाही. ओझरचा विमान कारखाना चालवणारी एचएएल, देवळालीचे स्कूल ऑफ आर्टिलरी आणि जिल्ह्यातली एखादी अभियांत्रिकी संस्था यांनी मिळून नाशिकमध्ये वेगवान धक्क्यांची एक छोटी प्रयोगशाळा उभारावी. एक जोड-सळई, एक वायूची तोफ, एक चांगला सूक्ष्मदर्शक, आणि सेकंदाला लाखभर चित्रे घेणारा कॅमेरा जमेल तेव्हा. शिलापूरच्या विद्युत चाचणी केंद्रासाठी इथल्या उद्योजकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, कारण माल तपासायला दूर पाठवण्यात वेळ आणि पैसा किती जातो हे त्यांनी भोगले होते. टायटॅनियमच्या बाबतीत पाठपुराव्याची वेळ आता आहे, तेजसची साखळी नवी असतानाच. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातही ‘किती वेगाने’ हा प्रश्न यावा. तो यंत्र अभियांत्रिकीच्या मुलाला दुसऱ्या वर्षीच पडला, तर पुढे तो ओझरला गेला काय किंवा अंबडमध्ये स्वतःची दोन मशीन टाकली काय, सर्टिफिकेटवरचा आकडा तो निराळ्या नजरेने वाचेल. आणि त्या प्रयोगशाळेच्या समितीवर पंधरा-वीस वर्षे टायटॅनियम कापलेला एक तरी ऑपरेटर हवा. ड्रिल आत गरम होते आहे हे त्याला आवाजावरून कळते. ते मोजायचे कसे, हे इतरांनी त्याच्याकडून समजून घ्यावे.

पहिल्या प्रयोगासाठी तोफेचीही गरज नाही. टायटॅनियमचे काम करणाऱ्या कुठल्याही शॉपमधून पेटीत जमलेली एक दातेरी चिप घ्यावी, रेझिनमध्ये उभी बसवावी, बारीक पॉलिश पेपरवर घासत आरशासारखी करावी, मग शिक्षकांच्या देखरेखीखाली आम्लाने हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावी. दात्यांच्या आतले कण जसेच्या तसे दिसतील. दोन दात्यांच्या मधून एक अरुंद तिरका पट्टा गेलेला दिसेल, आणि त्याच्या आत कण ताणून ताणून एकाच दिशेला झोपलेले.